काळी, पांढरी, तांबडी धूळ आणि डिटेलिंगचा धंदा

चंद्रपुरात कुणी कार डिटेलिंगचं दुकान टाकायचं म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला असतो: "हे नागपूर-पुण्याचं काम हाये, इथं कोण करते?" गडचिरोलीत तर त्याहून सरळ प्रश्न येतो, की गाड्या आहेत तरी किती. सल्ला देणाऱ्यांचं मन साफ असतं. फक्त डिटेलिंग म्हणजे महागडी गाडी चकचकीत करणं, एवढंच त्यांनी धरलेलं असतं. या दोन जिल्ह्यांत गाडी खराब होण्याची कारणं पुण्यापेक्षा वेगळी आहेत आणि जास्तही आहेत. धंदा उभा राहतो तो त्या कारणांवर.

गिऱ्हाईक शोधायला फार लांब जावं लागत नाही. वेकोलि या कोळसा कंपनीच्या वसाहती, वीज केंद्राचं ऊर्जानगर, भद्रावतीची आयुध निर्माणी, बल्लारपूरची पेपर मिल, गडचांदूर-आवारपूरचे सिमेंट कारखाने. सगळीकडे दरमहा पगार घेणारी आणि दारात गाडी असलेली माणसं आहेत. खाणींना आणि सरकारी खात्यांना भाड्यानं लावलेल्या बोलेरो-अर्टिगा वेगळ्या. ताडोबाच्या मोहर्लीकडच्या जिप्सीवाल्याला चमक विकायला गेलात तर तो हसेल. त्याला सीटचं रेक्झिन, फरशीतली माती आणि पाहुण्यांनी सांडलेलं खाणं यांचा बंदोबस्त हवा असतो. गाभा क्षेत्र पावसाळ्यात बंद असतं, तेव्हा जिप्सीची खोलवर सफाई करायला त्याला सवडही असते.

आता सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज: धूळ ती धूळ, पाणी मारलं की जाते.

चंद्रपूर हे 2009 साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निर्देशांकात 83.88 गुणांसह देशात चौथ्या क्रमांकावर होतं. बातमीत तो आकडा हवेचा आणि पाण्याचा म्हणून आला. डिटेलिंग करणाऱ्यानं तो गाडीच्या टपावरही वाचावा. घुग्घुस, दुर्गापूर, माजरीकडून येणाऱ्या गाडीवरची काळी धूळ कोळशाची असते. कोळसा तसा मऊ, पण त्याच्याबरोबर दगडाची आणि वाळूची कणी येते, ओरखडे तिचे. वीज केंद्राच्या बाजूची करडी राख म्हणजे मुख्यतः सिलिका आणि ॲल्युमिनाचे काचेसारखे बारीक गोळे. सकाळी ऑफिसला निघताना कोरडं फडकं मारणारा ड्रायव्हर ही कणी रोज क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, घासत असतो. काळ्या गाडीचं बॉनेट उन्हात तिरपं पाहा, कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल ओरखडे दिसतील. पॉलिश करून ते काढून दिले आणि फडकं तेच राहिलं, तर काही महिन्यांत गिऱ्हाईक परत येतं, तेही भांडायला. म्हणून पॉलिशच्या आधी धुण्याची रीत विकावी लागते: आधी भरपूर पाणी, मग फेस, तो काही मिनिटं मुरू द्यायचा, मग दोन बादल्या. एकीत शाम्पू, दुसरीत धुण्याचा मऊ हातमोजा (मिट) बुचकळून कणी सोडायला साधं पाणी.

पांढरी धूळ फसवी. चुनखडीची असेल तर धुतली जाते. सिमेंट कारखान्याजवळची असेल तर ती क्षारधर्मी असते आणि दवानं भिजली की जागच्या जागी घट्ट होते. मग शाम्पूनं हलत नाही, नखानं खरवडली तर रंग निघतो. तिला सौम्य आम्ल लागतं, सायट्रिक ॲसिडचं पातळ पाणी किंवा त्यासाठीच मिळणारं द्रावण. तेही सावलीत, एका वेळी एकच पत्रा घेऊन, लगेच धुऊन टाकत. काही वॉशिंग सेंटरवर संडासचं ॲसिड पातळ करून मारतात. डाग जातो, त्याच्याबरोबर अलॉय व्हीलचा तजेला आणि क्रोमही जातो.

तांबडी धूळ एटापल्ली, आलापल्ली, आष्टीच्या रस्त्यावरची. सुरजागडचं खनिज हेमॅटाइट, म्हणजे लोखंडाचं ऑक्साइड. ते दरवाजाच्या रबरात, नंबरप्लेटच्या मागं, बॉनेटच्या सांध्यात जाऊन बसतं आणि पांढऱ्या गाडीला गुलाबी झाक आणतं. इंटरनेटवर पाहून आलेला मुलगा त्यावर आयर्न रिमूव्हर ओततो आणि जांभळा रंग यायची वाट पाहतो. ती बाटली मुख्यतः धातूच्या कणांसाठी असते, म्हणजे ब्रेकची पूड, ग्राइंडिंगचा चुरा किंवा स्पंज आयर्नच्या कारखान्यांजवळचे कण. हे कण रंगात रुततात आणि तिथंच गंजतात. सुरजागडच्या मातीला आधी पाणी, फेस आणि सांध्यांत फिरणारा मऊ ब्रश पुरतो. महागडी बाटली तिथं वाया घालवायचं कारण नाही.

रंगावर काय उरलंय हे डोळ्यांना कळत नाही, बोटांना कळतं. धुऊन झाल्यावर हात पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालून बॉनेटवरून हलकेच फिरवावा. पिशवीमुळे खरखर कितीतरी जास्त जाणवते. ती लागली तर रुतलेले कण ओढून काढणारा क्ले बार, नाही लागली तर पुढचं काम. गिऱ्हाइकाचाच हात पिशवीत घालून त्याला हे दाखवलं तर रेटकार्डावर फार बोलावं लागत नाही.

"टेफ्लॉन कोटिंग" हा शब्द आपल्याकडे अजून जोरात चालतो. टेफ्लॉन हे पीटीएफई या पदार्थाचं व्यापारी नाव, शोध 1938 चा. तो सुमारे 327 अंशांना वितळतो आणि तव्यावर बसवायला भट्टीच लागते. शेडमध्ये कापडानं पुसून तो गाडीच्या रंगावर पक्का बसत नाही. त्या नावाखाली मिळतं ते बहुधा चांगल्यापैकी सीलंट किंवा वॅक्स असतं. ते लावायला हरकत नाही, फक्त नाव खरं सांगावं. सिरॅमिकचंही तसंच. डब्यावरचं "9एच" हे पेन्सिलच्या कठीणपणाच्या चाचणीतलं माप आहे, हिऱ्याला दहा देणाऱ्या मोजपट्टीवरचं नऊ नव्हे. कोटिंगचा थर फार तर एखाद-दुसऱ्या मायक्रॉनचा. त्यानं पाणी ओघळून जातं, धूळ कमी चिकटते, धुणं सोपं होतं. कोळशाच्या ट्रकमागून उडालेला खडा तो अडवत नाही. त्यासाठी पीपीएफ, सुमारे 150 ते 200 मायक्रॉनची पॉलियुरेथेनची फिल्म. सगळ्या गाडीला ती परवडत नसेल तर बंपर आणि बॉनेटची पुढची कडा एवढीच करून द्यावी. खाणपट्ट्यात रोज ये-जा करणाऱ्याला हा सल्ला पटतो.

मायक्रॉनचीच आणखी एक गोष्ट. कारखान्यातून आलेल्या गाडीवर क्लिअर कोट साधारण 35 ते 50 मायक्रॉन असतो. मशीनचा प्रत्येक जोरदार हात त्यातले काही मायक्रॉन खातो. "दरवर्षी रबिंग करून घ्या, गाडी नवी राहते" हा सल्ला म्हणजे गाडीचं कातडं थोडं थोडं सोलणं आहे. शिकाऊ माणसाच्या हाती रोटरी पॉलिशर देऊ नये, ड्युअल ॲक्शन द्यावा. आणि पैसे असतील तर दुसऱ्या पॉलिशरआधी रंगाची जाडी मोजणारं यंत्र घ्यावं.

हवामानाचा हिशेब बाहेरगावचा प्रशिक्षक सांगत नाही. मे महिन्यात चंद्रपूरचा पारा 46-47 वर जातो, उन्हातला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. शाम्पू पुसायच्या आत वाळतो, कंपाउंडची पूड होते, पाण्याच्या थेंबाचा पांढरा ठसा उरतो. टिनाच्या शेडमध्ये दुपारी काम करूच नये. पहाटे आणि दिवे लागल्यावर करावं. पावसाळ्यात गडचिरोली, ब्रह्मपुरी, सिंदेवाहीच्या धानपट्ट्यात हवा इतकी दमट असते की कोटिंग नीट बसेल याचा भरवसा नाही. कोटिंगचा खरा हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो. पावसाळ्यात चिखल, ओले मॅट, कुबट वास आणि एसी यांचं काम असतं आणि ते भरपूर असतं. रोजची चूल या आतल्या सफाईवर पेटते. समजा दोघांना एका गाडीला पाच तास लागले, तर दिवसाला दोन गाड्या होतात. कोटिंगचं गिऱ्हाईक मात्र महिन्यातून कधी येईल ते सांगता येत नाही.

पाण्याबद्दल दोन गैरसमज आहेत. एक, बोअर आपली म्हणजे पाणी फुकट. 2010 च्या उन्हाळ्यात इरई धरण आटल्यानं वीज केंद्र बंद ठेवावं लागलं होतं. तिथं गाड्या धुण्याला कोण विचारतो? प्रेशर पंप आणि बादली यांनी पाणी वाचतं, उघड्या पाइपनं नाही. दुसरा, प्यायला चालतं ते गाडीला चालतं. पिण्याच्या पाण्यात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे. तेवढे क्षार काचेवर आणि काळ्या रंगावर सहज ठसे उमटवतात. राजुरा-कोरपन्याच्या चुनखडीच्या पट्ट्यात बोअरचं पाणी जड. क्षार मोजणारं स्वस्तातलं टीडीएस मीटर घ्यावं आणि शेवटच्या धुण्यापुरतं तरी क्षार काढलेलं पाणी ठेवावं.

खालून डिझेल मारून घ्यायची हौस अजून गेलेली नाही. "गंज येत नाही ना त्यानं!" डिझेलनं रबराचे बुश फुगतात आणि ओला थर धूळ धरून ठेवतो. गाडी धुतली की तेच डिझेल पाण्याबरोबर पुढं नालीत जातं. तेल अडवणारा साधा खड्डा, म्हणजे ऑइल ट्रॅप, सुरुवातीलाच बांधून घ्यावा आणि आपल्या कामाला संमतीपत्र लागतं का, हे प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या चंद्रपूर कार्यालयात जाऊन विचारावं.

राहिलं भांडवल. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी एजंटाला पैसे देऊ नयेत. माणसं मोजकीच असली तर दुकान कायद्याखाली फक्त सूचना द्यावी लागते. जीएसटीची नोंदणी सेवा धंद्याला वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीनंतर लागते. आणि "आधी सुरू करू, मग सबसिडी घेऊ" हे पीएमईजीपी या केंद्राच्या अनुदान योजनेत चालत नाही. ती योजना नव्या धंद्यालाच आहे, सेवा धंद्यासाठी 20 लाखांपर्यंतच्या प्रकल्पाला. 2022 च्या नियमांत आकांक्षित जिल्हे विशेष गटात धरले आहेत. गडचिरोली त्या यादीत आहे, चंद्रपूर नाही. त्यामुळे गडचिरोलीतल्या गावात कुणालाही अनुदानाचा 35 टक्क्यांचा दर लागू होतो, चंद्रपूरच्या गावात सर्वसाधारण अर्जदाराला 25 टक्क्यांचा. अनुदानाचे हे पैसे हातात पडत नाहीत. ते बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकून राहतात आणि धंदा चालू दिसला तर कर्जात वळते होतात. हप्ता पहिल्या दिवसापासून पूर्ण कर्जाचा धरूनच मशीनची यादी करावी, आणि अर्ज टाकण्याआधी चालू वर्षाचे नियम जिल्हा उद्योग केंद्रात पाहून घ्यावेत.