पहिला रुग्ण येण्याआधीचं गणित

बीएस्सीला संख्याशास्त्र घेतलेली मुलं तिसऱ्या वर्षाला आली की ‘पुढे काय?’ हा प्रश्न घरात सुरू होतो. बँक, विमा, डेटा सायन्स ही नावं लगेच निघतात. वैद्यकीय संख्याशास्त्राचं नाव निघालंच, तर त्याबरोबर इतक्या चुकीच्या समजुती येतात की हुशार मुलंही अर्ज न भरताच मागे फिरतात. याची मला मनापासून खंत वाटते, म्हणून हा लेख.

‘तो डॉक्टर लोकांचा विषय आहे’

मुंबईत देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था असो किंवा वेल्लोरचं ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बायोस्टॅटिस्टिक्सच्या एमएस्सीसाठी एमबीबीएस लागत नाही. संख्याशास्त्राच्या किंवा गणिताच्या पदवीवर तिथे अर्ज करता येतो. बाकीच्या अटी संस्थेगणिक वेगळ्या असतात, त्या नीट वाचाव्यात. शरीररचना आणि रोगांची लागेल तेवढी ओळख अभ्यासक्रमात होते.

या शास्त्राचा पाया घालणारे ऑस्टिन ब्रॅडफर्ड हिल स्वतः डॉक्टर नव्हते. पहिल्या महायुद्धात त्यांना क्षय झाला, वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला आणि त्यांनी पदवी घेतली ती अर्थशास्त्राची. पुढे याच क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनची चाचणी त्यांनी आखली. 1948 मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्ण फक्त 107. कोणाला औषध द्यायचं हे डॉक्टरांनी ठरवलं नाही. यादृच्छिक आकड्यांवरून ठरलेली नेमणूक बंद पाकिटात ठेवली होती. तसं केलं नसतं, तर बरा होईल असं वाटणाऱ्या रुग्णालाच नकळत औषध दिलं गेलं असतं आणि श्रेय औषधाला मिळालं असतं. सहा महिन्यांत औषध मिळालेल्या 55 पैकी 4 जण दगावले, नुसती विश्रांती मिळालेल्या 52 पैकी 14.

‘सगळं सॉफ्टवेअर करतं’

मेडिकल कॉलेजांत हा समज सर्वांत घट्ट आहे. रेसिडेंट डॉक्टर थीसिसची माहिती वर्षभर गोळा करतात आणि जमा करायची तारीख जवळ आली की एक्सेलची फाईल घेऊन येतात, ‘जरा पी व्हॅल्यू काढून द्या’. पी व्हॅल्यू काढणं मिनिटाचं काम आहे. पण रुग्ण किती हवे होते, तुलना कोणाशी करायची होती, मुख्य मोजमाप कोणतं, मध्येच सोडून गेलेल्यांचं काय करायचं, हे प्रश्न तोवर हातातून गेलेले असतात. रोनाल्ड फिशर यांनी 1938 मध्ये कलकत्त्याला भारतीय संख्याशास्त्र परिषदेत नेमकं हेच सांगितलं होतं. प्रयोग संपल्यावर संख्याशास्त्रज्ञाकडे गेलात, तर तो फार तर शवविच्छेदन करून प्रयोग कशाने मेला ते सांगेल, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता. आज डॉक्टरांना पदव्युत्तर शिक्षणात संशोधनपद्धतीचा छोटा ऑनलाईन कोर्स सक्तीचा आहे. तो चांगलाच आहे, पण दोन वर्षांच्या एमएस्सीची जागा तो घेऊ शकत नाही.

‘जितकी माणसं जास्त, तितका निष्कर्ष पक्का’

इथे थोडं थांबायला हवं, कारण पदव्युत्तर शिक्षणात नेमकं काय हाती लागतं ते या उदाहरणातून दिसतं.

उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा एक मोठा अभ्यास झाला. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाचा त्यात सहभाग होता. 2009 मध्ये तो प्रसिद्ध झाला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रिया त्यात होत्या. पण चिठ्ठी प्रत्येक स्त्रीच्या नावाची निघाली नव्हती. गावांचे 52 समूह करून ते समूह चार गटांत वाटले होते. एकाच गावात शेजारणीची एक तपासणी आणि हिची दुसरी, असं करणं अवघड असतं.

आता अडचण अशी की एका गावातल्या बायकांची लग्नाची वयं, दवाखाना, राहणी एकमेकींसारखी असते. त्यामुळे त्याच गावातली आणखी एक स्त्री घेतली तर नवी माहिती थोडीच मिळते. या सारखेपणाचं माप हजारात एक इतकं नगण्य धरलं, तरी समूहात सरासरी अडीच हजार स्त्रिया असल्याने हिशेब साडेतीन पटींनी बदलतो. म्हणजे सव्वा लाखावर स्त्रियांकडून मिळणारी माहिती सुटेपणी निवडलेल्या साधारण 37 हजार स्त्रियांइतकीच भरते. हजारात एक हा आकडा मी समजावण्यासाठी घेतला आहे, पण सूत्र खरं आहे आणि असे अभ्यास आखताना ते आधी मांडावंच लागतं. या अभ्यासात एचपीव्ही या विषाणूची तपासणी झालेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू नियंत्रण गटाच्या सुमारे निम्म्यावर आले. नियंत्रण गटाला तपासणी न देण्यावरून पुढे नैतिकतेचा वादही झाला. माझ्या मते विद्यार्थ्याने सूत्राइतकाच तो वादही अभ्यासला पाहिजे.

‘पी 0.03 आली म्हणजे औषध 97 टक्के उपयोगी’

साफ चूक. औषधाचा काहीच परिणाम नसता, तरी इतका किंवा याहून मोठा फरक दिसण्याची शक्यता 3 टक्के असती, एवढाच त्याचा अर्थ. निरुपयोगी औषधाची वीस मोजमापं तपासली, तर सरासरी एक 0.05 च्या खाली येतं, आणि तेवढंच छापण्याचा मोह होतो. म्हणून भारतात जून 2009 पासून प्रत्येक औषधचाचणीची नोंद पहिला रुग्ण घेण्याआधी सीटीआरआय या नोंदवहीत करणं बंधनकारक आहे. मुख्य मोजमाप कोणतं, हे तिथे आधीच लिहून द्यावं लागतं.

‘विषय कोरडा आहे, माणसांशी संबंध नाही’

सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग सुखात्मे लंडनला संख्याशास्त्र शिकले आणि पुढे जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले. गरिबांच्या आहारात प्रथिनांचाच तुटवडा आहे, असं जग मानत होतं. बहुतेकांना नेहमीचं जेवणच पोटभर मिळत नाही, ते मिळालं तर प्रथिनंही पुरतील, असं त्यांनी आकडेवारीवरून मांडलं. एकाच माणसाची अन्नाची गरजही रोज सारखी नसते, म्हणून एकच रेघ मारून कुपोषित मोजू नका, हेही त्यांचंच म्हणणं. त्यावर मतभेद झाले, पण प्रश्न थेट पानात वाढलेल्या भाकरीचा होता.

गणित मात्र लागतंच, ते लपवण्यात अर्थ नाही. कॅल्क्युलस, मॅट्रिक्स आणि संभाव्यता कच्ची असेल, तर पहिलं सत्र जड जातं. तुम्ही तिसऱ्या वर्षाला असाल, तर हे तीन विषय आत्ताच पक्के करा, आर हे सॉफ्टवेअर शिकायला घ्या (ते मोफत आहे) आणि सीटीआरआयवर नोंदवलेली एखादी चाचणी उघडून रुग्णसंख्या आणि मुख्य मोजमाप काय दिलंय ते वाचा. ती नोंदवही सर्वांसाठी खुली आहे.