घाटात गाडी ओढत नाही, इंजिन खडखडतंय? इथेनॉलला शिव्या देण्याआधी एवढं बघा

कोकणातून गाडीभर माणसं आणि डिकीभर सामान घेऊन कोल्हापूरला निघालं की वैभववाडीनंतर करूळचा घाट लागतो. चढ सुरू होतो, ॲक्सिलरेटर दाबला तरी गाडी ओढत नाही आणि बोनेटखालून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. हल्ली अशा वेळी गाडीतल्या सगळ्यांचं एकमत ठरलेलं असतं. पेट्रोलमधल्या इथेनॉलनं घात केला.

पण या आवाजापुरतं बोलायचं तर गोष्ट नेमकी उलटी आहे.

नॉकिंग म्हणजे काय?

पेट्रोल इंजिनमध्ये स्पार्क प्लगची ठिणगी पडते आणि तिथून आग सिलिंडरभर पसरत जाते. पण आतला दाब आणि उष्णता फार वाढली, तर आग पोहोचायच्या आधीच कोपऱ्यातलं पेट्रोल आणि हवेचं मिश्रण आपोआप पेटतं. त्या दाबाच्या लाटा सिलिंडरच्या भिंतींवर आपटतात. तोच हा खडखडाट. तो रोजचाच झाला तर पिस्टनला इजा होते, हेड गॅस्केट जाऊ शकतं.

मग पिकअप का जातो? आजच्या बहुतेक गाड्यांत नॉक सेन्सर असतो. त्यानं नॉकिंग ओळखलं की गाडीचा कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा पाडतो. इंजिन वाचतं, पण ताकद घटते.

यात इथेनॉलचा हात किती?

पेट्रोल आपोआप पेटण्याला किती विरोध करतं, ते ऑक्टेनवरून कळतं. आपल्याकडे साध्या पेट्रोलचा ऑक्टेन किमान ९१ ठरलेला होता. इथेनॉलचा साधारण १०८ आहे. म्हणजे इथेनॉल नॉकिंग वाढवत नाही, कमी करतं. १९२१ साली अमेरिकेत नॉकिंगवर उपाय म्हणून पेट्रोलमध्ये शिसं घालायचा शोध लागला, तेव्हाही इथेनॉलचा पर्याय माहीत होता. तरी बाजारात शिसंच आलं. ते विषारी आहे, म्हणून २००० साली भारतानं ते बंद केलं.

आता कोल्हापूरच्या उसापासूनही इथेनॉल होतं आणि २०२५ मध्ये देशानं २० टक्के मिश्रणाचा टप्पा गाठला. याच्या तक्रारी खोट्या नाहीत. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे मायलेज घटतं. जुन्या गाड्यांचे रबरी पाइप खराब होऊ शकतात. टाकीत पाणी गेलं तर इथेनॉल पाण्यासोबत तळाशी बसतं आणि गाडी मिसिंग करते. पण खडखडाटाचं कारण बहुतेक वेळा दुसरीकडे सापडतं.

आवाज कधी येतो, ते ऐका

फक्त चढावर, वरच्या गिअरमध्ये: आधी एक गिअर खाली टाका. आवाज गेला तर इंजिनवर ताण येत होता, एवढंच. तरीही राहिला तर सिलिंडरमधला कार्बन, चुकीचा प्लग, कूलंटची पातळी आणि नॉक सेन्सर तपासून घ्या.

आवाज नाही, पण गाडी धक्के देते: हे मिसिंग. प्लग, इग्निशन कॉइल, फ्युएल फिल्टर किंवा इंजेक्टर बघायला लागतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर रेस कमी करा आणि सुरक्षित जागी थांबा. न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जाळू शकतं.

जड ठकठक, उभ्या गाडीतही, रेससोबत वाढणारी: हे नॉकिंग नाही. कनेक्टिंग रॉडचं बेअरिंग गेलेलं असू शकतं. ऑइलचा दिवा लागला असेल तर इंजिन लगेच बंद करा. गाडी टो करूनच न्या.

डिझेल गाडीचा थोडा खडखडाट मुळातलाच असतो, तिथे आवाज अचानक बदलला का ते बघायचं.

गॅरेजमध्ये काय सांगायचं?

नुसतं "आवाज येतोय" म्हणू नका. कुठल्या गिअरमध्ये, चढावर की सपाटीला, इंजिन थंड असताना की तापल्यावर, हे सांगा. पार्ट बदलायच्या आधी स्कॅनर लावायला सांगा आणि कोड काय आला ते विचारा. महागडं पेट्रोल भरून आवाज थांबला तरी बिघाड तिथेच असतो.

आणि ऑइलचा दिवा लागलेला असताना "गगनबावड्यापर्यंत तर जाऊ" म्हणून गाडी दामटू नका. घाटात बेअरिंगवर भागलं असतं, ते वर पोहोचेपर्यंत अख्ख्या इंजिनवर जाऊ शकतं.