सावित्रीचा पूर आणि दोन गुणांकांची तुलना

महाबळेश्वरला पाऊस कोसळू लागला की महाडचे व्यापारी दुकानातला माल माळ्यावर चढवायला घेतात. सावित्री तिथूनच उगम पावून पोलादपूरमार्गे महाडला येते. 23 जुलै 2021 च्या सकाळपर्यंतच्या 24 तासांत महाबळेश्वरला 590 मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला आणि महाड पाण्याखाली गेलं. हे नातं आकड्यात मांडायचं तर सहसंबंध गुणांक काढतात; तो उणे 1 ते अधिक 1 यांच्या दरम्यान असतो. घोटाळा होतो तो दोन गुणांक शेजारी ठेवल्यावर. पुढचे गुणांक केवळ उदाहरणादाखल धरले आहेत.

गैरसमज : आधीच्या 20 वर्षांत (वर्षाला एक नोंद धरून) पाऊस आणि पुराच्या पातळीचा गुणांक 0.60, नंतरच्या 20 वर्षांत 0.80, म्हणजे नातं घट्ट झालं.

वस्तुस्थिती : नुसती वजाबाकी पुरत नाही. संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांच्या रूपांतराने हे आकडे 0.693 आणि 1.099 होतात. त्यांतला फरक प्रमाणत्रुटीने, म्हणजे इथे 0.343 ने, भागला की 1.18 येतात. फरक लक्षणीय ठरायला नेहमीच्या 5 टक्के लक्षणीयता पातळीला किमान 1.96 लागतात. एवढा फरक निव्वळ योगायोगानेही पडू शकतो. दोन्हीकडे 100 नोंदी असत्या, तर उत्तर 2.82 आलं असतं. मात्र एकाच पावसाळ्याचे 100 दिवस मोजून हे साधत नाही. लागोपाठच्या दिवसांचा पाऊस एकमेकांशी बांधलेला असतो, म्हणून त्या 100 स्वतंत्र नोंदी ठरत नाहीत.

गैरसमज : एक गुणांक लक्षणीय, दुसरा नाही, म्हणजे दोघांत फरक आहेच.

वस्तुस्थिती : 20 नोंदींत 0.50 लक्षणीय ठरतो, 0.40 ठरत नाही. पण या दोघांमधला फरक मुळीच लक्षणीय नाही. फरकाची चाचणी वेगळी करावी लागते.

गैरसमज : महाडच्या पुराशी पोलादपूरचा पाऊस जास्त जुळतो की महाबळेश्वरचा, हेही त्याच सूत्राने ठरेल.

वस्तुस्थिती : नाही. इथे पुराची पातळी दोन्हीकडे तीच, वर्षंही तीच आणि दोन्ही ठिकाणचा पाऊस बहुधा बरोबरच वाढतो. फिशरचं साधं सूत्र स्वतंत्र नमुन्यांसाठी आहे. इथे वापरलं तर खरा फरकही नजरेतून निसटू शकतो. अशा वेळी विल्यम्स किंवा स्टायगर यांची चाचणी वापरतात. तिच्यात दोन पावसांचा आपसातला गुणांकही धरला जातो.

गैरसमज : नदीतला गाळ काढूनही गुणांक बदलला नाही, म्हणजे गाळ काढणं वाया गेलं.

वस्तुस्थिती : हा गैरसमज सर्वांत घातक, कारण त्यावर पैसा आणि लोकांचे जीव अवलंबून आहेत. समजा, गाळ काढल्यावर प्रत्येक पूर बरोबर एक मीटरने उतरला. जिथे कंबरभर पाणी शिरायचं, ती घरं कोरडी राहतील. गुणांक मात्र तसूभरही हलणार नाही, कारण पाऊस आणि पातळी किती नेमाने सोबत चढतात एवढंच तो सांगतो; पाणी किती उंच चढलं, हे त्यात येतच नाही. गाळाचा परिणाम बघायचा तर तेवढ्याच पावसाला पाणी आधी किती मीटर चढायचं आणि आता किती चढतं, हे ताडून बघावं लागतं. त्या वेळी सावित्री जिथे समुद्राला मिळते त्या बाणकोटच्या खाडीला भरती होती की ओहोटी, ही नोंदही सोबत हवी.