गाव एक, दप्तरे दोन

माळव्यातील देवास हे गाव इतिहासात एका वेगळेपणासाठी प्रसिद्ध आहे. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंनी १७२८ मध्ये स्थापिलेल्या राज्याची पुढे थोरली पाती व धाकटी पाती अशी दोन संस्थाने झाली. गाव एक, दरबार दोन, आणि दप्तरेही दोन. १९४८ साली धारबरोबर ही दोन्ही संस्थाने मध्य भारतात विलीन झाली आणि हा दुहेरी कारभार संपला.

वेगळ्या दप्तरांचा तोच पेच आज संगणकाच्या जगात उभा राहतो. धारची एखादी विद्यार्थिनी संकेतस्थळावर प्रवेशाचा अर्ज भरीत आहे, असे समजा. हजारोंची गर्दी एका सर्व्हरला पेलत नाही, म्हणून अनेक सर्व्हर काम वाटून घेतात. तिचे पहिले पान एकाने घेतले, दुसरे दुसऱ्याने. वेबचा मूळ नियम असा की, प्रत्येक विनंती स्वतंत्र. मागचे काही स्मरणात ठेवावयाचे नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी १९९४ मध्ये नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ‘कुकी’ची योजना केली. कुकीत बहुधा केवळ ओळखीचा क्रमांक असतो. त्याखालील माहिती, म्हणजे ‘सेशन’, सर्व्हरपाशी राहते. ती पहिल्याच सर्व्हरच्या स्मृतीत असली, तर दुसरा त्या मुलीला परकी ठरवितो. भरलेली पाने वाया जातात. मुदतीचा शेवटचा दिवस असेल, तर कदाचित वर्षही वाया जाते.

यावर मुख्यतः तीन उपाय आहेत. एका व्यक्तीला सदैव एकाच सर्व्हरकडे पाठवावे, हा पहिला. तो सोपा खरा. परंतु तो सर्व्हर बंद पडला की स्मृतीही बुडते. प्रत्येक नोंदीची नक्कल सर्वच सर्व्हरांनी ठेवावी, हा दुसरा. सर्व्हर वाढले की येथे नकलांचाच भार होतो. तिसरा उपाय समाईक दप्तराचा. २००९ मध्ये आलेल्या ‘रेडिस’सारख्या शीघ्र स्मृतिभांडारात सर्व सेशन ठेवावीत, क्रमांक मिळताच कोणत्याही सर्व्हरला नोंद काढता येते.

मात्र हे दप्तर बंद पडले तर सगळेच परके ठरतील. म्हणून त्याची प्रत वेगळ्या यंत्रावर ठेवणे अवश्य आहे. नोंदीला मुदत हवी, आणि व्यक्ती बाहेर पडताच नोंद पुसली जावी. एरवी क्रमांक चोरणारा तिच्या नावाने वावरू लागेल.

एवढी व्यवस्था असली, म्हणजे सर्व्हर कितीही बदलले तरी धारच्या त्या मुलीला आपली ओळख पुन्हा सांगावी लागत नाही.