पॅड बांधून बसलेला!

अप्रेझलमध्ये 'एक्सलंट' मिळालं आणि प्रमोशन मात्र शेजारच्या क्युबिकलमध्ये गेलं? मग बॉस, अमोल मुजुमदारचा बायोडेटा एकदा बघाच. फर्स्ट क्लास मॅचेस 171, रन्स 11,167, सेंच्युरी 30. भारतासाठी मॅचेस? शून्य.

1988 सालची हॅरिस शील्ड. शारदाश्रमकडून सचिन आणि विनोद कांबळी 664 रन्सची पार्टनरशिप करत होते आणि पुढच्या नंबरचा अमोल पॅड बांधून बसला होता. बसूनच राहिला. हा किस्सा इतका चघळला गेलाय की पुढचं कुणी ऐकतच नाही. खरं तर पुढचंच भारी आहे. 1994मध्ये रणजी पदार्पणात हरियाणाविरुद्ध 260, पदार्पणातला तेव्हाचा वर्ल्ड रेकॉर्ड! तो 2018पर्यंत टिकला. पण भारताच्या मिडल ऑर्डरमध्ये तेव्हा सचिन, गांगुली, द्रविड आणि मग लक्ष्मण. व्हेकन्सीच नाही!

2006-07च्या रणजीत तो मुंबईचा कॅप्टन होता. पहिल्या तिन्ही मॅचेस हरल्या, तरी त्याच टीमने ट्रॉफी उचलली. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल. 2009मध्ये त्याने मुंबई सोडली. आधी आसाम, मग आंध्र. म्हणजे हेड ऑफिसमधून थेट तालुक्याच्या ब्रँचला. (मी निफाडची आहे, मला असं म्हणायचा हक्क आहे.) 2014मध्ये रिटायरमेंट.

मग कोचिंग. 2019च्या भारत दौऱ्यात तो साउथ आफ्रिकेचा बॅटिंग कोच होता, 2021पासून मुंबईचा कोच आणि ऑक्टोबर 2023मध्ये भारताच्या महिला टीमचा. 2025च्या वर्ल्ड कपमध्ये साउथ आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, इंग्लंड अशा लागोपाठ तीन हार. पुन्हा तीन! इंग्लंडविरुद्ध जेमिमा रॉड्रिग्जला टीममधून बाहेर बसवलं होतं. पुढच्याच मॅचला ती परत आली, तेही तिसऱ्या नंबरवर, आणि नाबाद 76. सेमीफायनलला ऑस्ट्रेलियाचे 338 चेस करताना नाबाद 127. बाहेर बसणं काय असतं, हे तिच्या कोचला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती, असं आपलं मला वाटतं.

2 नोव्हेंबरला, फायनलच्या रविवारी मी निफाडला घरी होते. द्राक्षबागेच्या कामांमुळे नऊला आडवी होणारी आमच्याकडची पुरुषमंडळी त्या रात्री बारापर्यंत टीव्हीसमोर, तीही बायकांच्या मॅचसाठी! साउथ आफ्रिकेला 52 रन्सनी हरवल्यावर हरमनप्रीत अमोलच्या पाया पडली, तेव्हा आजीने विचारलं, "हा आधी कुणाकडून खेळायचा गं?"

"मुंबई, आसाम, आंध्र," मी म्हटलं.