देशाने संघातून काढलं, परदेशात स्पीकरचा धंदा उभारला! टेनिसपटू डॅनियल प्रेन यांची गोष्ट

पवनानगर : जत्रा असो, हरिनाम सप्ताह असो नाहीतर लग्नाची वरात, मावळात स्पीकरशिवाय कार्यक्रम होत नाही. याच स्पीकरच्या धंद्यात इंग्लंडमध्ये नाव कमावलेला एक माणूस आधी जर्मनीचा नंबर एकचा टेनिसपटू होता. त्याला देश का सोडावा लागला? वाचा.

कोण होते प्रेन?
डॅनियल प्रेन यांचा जन्म १९०४ चा, विल्नियस शहरातला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होतं, आता लिथुआनियाची राजधानी आहे. कुटुंब ज्यू धर्माचं. पुढे ते जर्मनीत बर्लिनला आले. प्रेन तिथे इंजिनिअरिंग शिकले आणि टेनिसही गाजवू लागले.

तो सामना
डेव्हिस कप ही देशादेशांमधली टेनिस स्पर्धा. तेव्हा पाच सामने व्हायचे, तीन जिंकेल तो देश पुढे. १९३२ मध्ये बर्लिनला जर्मनी आणि ब्रिटन भिडले. प्रेन यांनी आधी बनी ऑस्टिनला हरवलं. दोन-दोन बरोबरी झाली आणि शेवटच्या सामन्यात समोर आले फ्रेड पेरी, जे पुढे सलग तीन वेळा विम्बल्डन जिंकले. पाचव्या सेटमध्ये पेरी ५-२ ने पुढे होते. तिथून प्रेन यांनी सलग पाच गेम घेतले आणि जर्मनी जिंकली.

मग बिघडलं कुठे?
जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. एप्रिलमध्ये जर्मन टेनिस संघटनेने जाहीर केलं की ज्यू खेळाडू देशाच्या संघात नको. प्रेन यांचं तर नाव घेऊन सांगितलं. वर्षही झालं नव्हतं त्या विजयाला! ज्यांना प्रेननी हरवलं होतं, त्याच पेरी आणि ऑस्टिन यांनी लंडनच्या 'टाइम्स' वर्तमानपत्रात पत्र लिहून निषेध केला. जर्मनीत फरक पडला नाही. प्रेन पत्नीसह इंग्लंडला गेले.

पुन्हा पहिल्यापासून
तिथे कामाला आलं ते इंजिनिअरिंग. त्यांनी 'ट्रूवॉक्स' ही लाऊडस्पीकर बनवणारी कंपनी काढली. पुढे 'सेलेस्टियन' ही नावाजलेली कंपनीही तिच्याकडे आली. गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरमधले सेलेस्टियनचे स्पीकर आजही जगभर वाजतात. १९९१ मध्ये प्रेन यांचं इंग्लंडमध्येच निधन झालं.

आपल्या पोरांसाठी
कुस्ती, कबड्डी, भरतीसाठी पहाटे पळणारी पोरं आपल्याकडे गावोगाव आहेत. संघातली जागा दुसऱ्याच्या हातात असते, कधी जाईल सांगता येत नाही. त्यामुळे खेळा जोरात, पण आयटीआय, डिप्लोमा अर्धवट सोडू नका. प्रेन यांना परक्या मुलखात त्यानेच तारलं.