‘सर, तुम्ही तरी सांगा!’

शालेय सामना, चौथा क्वार्टर, फरक दोन गुणांचा. बास्केटखालच्या पंचाने ब्लॉकिंगची शिट्टी दिली आणि तो स्कोअर टेबलाला खेळाडूचा नंबर दाखवायला गेला. इकडे कोचने बेंचजवळच्या दुसऱ्या पंचाला गाठलं : “सर, चार्ज होता की नाही तो? तुम्ही तरी सांगा!”

नव्या पंचाची खरी पंचाईत इथे होते. त्याला वाटतं, मनातलं बोलणं हाच प्रामाणिकपणा. तो हळूच म्हणतो, “मी असतो तर दिला नसता.” कोच खूश होतो, पण मिनिटभरच. पुढच्या शिट्टीला तोच कोच अख्ख्या मैदानाला ऐकू जाईल असं ओरडतो, “तुमचेच साहेब म्हणतायत, चुकलं!” फिबाचा नियम याबाबत स्वच्छ आहे : सहकाऱ्याने आपल्या कक्षेत दिलेल्या निर्णयावर शंका घेण्याचा अधिकार दुसऱ्या पंचाला नाही. पंचांमध्येच मतभेद झाला तर शेवटचा शब्द मुख्य पंचाचा.

म्हणून जोडीदाराची वकिली करायची, हा उलट बाजूचा गैरसमज. “फाऊल शंभर टक्के होता,” असं तुम्ही कशाच्या जोरावर म्हणणार? 28 बाय 15 मीटरचं मैदान, दहा खेळाडू, बहुतेक ठिकाणी दोनच पंच. एकाची नजर चेंडूवर असेल तर दुसऱ्याने चेंडूपासून लांबच्या खेळाडूंकडे बघायचं असतं. म्हणजे तुम्ही ते पाहिलेलंच नसतं, आणि कोचलाही ते कळतं. “तो माझा कॉल नव्हता” हे वाक्य खरं असलं तरी हात झटकल्यासारखं लागतं.

मग बोलायचं काय? “सर, मी पलीकडे बघत होतो. ते जवळ होते. खेळ थांबला की विचारतो.” आणि मग खरंच विचारायचं. बहुतेक पंच नेमकं हेच विसरतात आणि कोचचा विश्वास तिथे उडतो.

एकदा दिलेला निर्णय बदलतच नाही, हेही खरं नाही. चेंडू बाहेर जाताना बचावपटूच्या बोटाला लागलेला तुम्ही पाहिलात, तर जोडीदाराजवळ जाऊन तेवढंच सांगा. बदलायचं की नाही, ते त्याने ठरवायचं; बेंचकडे बघून तुम्ही नाही.

प्रत्येक टोमण्याला उत्तर लागत नाही. पण जोडीदाराला दिलेली शिवी तुमच्या कानावर पडली, तर टेक्निकल तुम्हीच द्यायचा, त्याची वाट बघायची नाही. स्वतःच्या वागण्यासाठी असे दोन टेक्निकल झाले की कोच सामन्याबाहेर जातो.

नियमाने पंचांचा अंमल सामन्याच्या नियोजित वेळेआधी 20 मिनिटं सुरू होतो. मैदानात उतरण्यापूर्वीच जोडीदाराला विचारून ठेवा : तुझ्या शिट्टीबद्दल कोचने मला विचारलं, तर काय सांगू?